पाऊस दिसतो तो समोरच्या उजेडात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तीन रात्री भर पावसात कॅमेरा घेऊन शहरात फिरलात, उजेड भरपूर मिळावा म्हणून दर वेळी दिव्याकडे पाठ करून उभे राहिलात, दोनेकशे फोटो काढले आणि घरी येऊन बघता तर एकातही पाऊस नाही. रस्ता मळकट, दिव्यांच्या जागी पांढरे डाग, माणसं हललेली. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स एफ ३.५च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), म्हणून एफ १.४ची लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

लेन्सकडे शेवटी येतो. तुमचे फोटो बिघडले ते मुख्यतः ‘दिव्याकडे पाठ करून’ या गोष्टीमुळे, आणि हे मी अगदी खात्रीने सांगतो, कारण पावसात काम करायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मीही तसाच उभा राहत होतो. दिवसा फोटो काढणाऱ्याच्या अंगात ती सवय मुरलेली असते. रात्री पावसात ती मोडावी लागते.

थेंब म्हणजे पाण्याचा पारदर्शक गोळा. त्याच्यावर पडलेला उजेड बहुतेक आरपार जातो, जरासा वळतो आणि पलीकडून बाहेर पडतो. आल्या वाटेने मागे फिरतो तो फारच थोडा. म्हणून दिवा तुमच्या पाठीशी असला की थेंबांवरचा उजेड तुमच्यापासून लांब निघून जातो आणि पाऊस असून नसल्यासारखा होतो. तोच दिवा थेंबांच्या मागे, म्हणजे तुमच्या समोर आला, की प्रत्येक सर चांदीच्या तारांसारखी उठून दिसते. मात्र त्या तारांच्या मागे काळोख हवा. उजळलेल्या दुकानासमोर पडणारा पाऊस डोळ्यांना दिसतो, फोटोत विरघळून जातो. अंधारी भिंत, झाडाचा गडद घेर, बंद इमारतीची दर्शनी बाजू असं काहीतरी मागे शोधायचं. आकाशावर विसंबू नका. शहराच्या उजेडाने ढग रात्रभर राखाडी-तांबूस राहतात.

प्रत्यक्षात मी असं करतो. रस्त्यावरचा एक दिवा निवडतो, त्याच्या पलीकडे काळोख कुठे आहे ते बघतो आणि दिवा फ्रेमच्या जेमतेम बाहेर राहील किंवा कशाच्या तरी आड जाईल अशी जागा घेतो. खांब, झाडाचं खोड, थांबलेल्या गाडीचं टप, एखाद्याची छत्री, काहीही चालतं. उघडा दिवा फ्रेममध्ये आला की तो पांढरा डाग होतो आणि सगळी नजर तिकडेच जाते. छायाचित्रकार ब्रासाई यांनी १९३०च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपल्या. त्यातल्या काही फोटोंत दिव्याचा झोत झाडाच्या खोडामागे असाच दडवलेला आहे. त्या काळच्या संथ काचेच्या प्लेटांवर ते सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळेवर एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा काळ, मोजत. आज आपल्याला तेवढं थांबावं लागत नाही, पण दिवा आड करण्याची गरज तशीच आहे.

आता शटरबद्दल, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा त्याबद्दल. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. १/६० सेकंदात तो सुमारे ११ सेंटिमीटर पडतो, १/२५०मध्ये अडीच, १/१०००मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर. १/१०००ला पाऊस ठिपक्यांसारखा दिसतो, बघणाऱ्याला धूळ वाटते. मला १/६० ते १/१२५ आवडतं. रेघ पुरेशी लांब होते आणि चालणारा माणूसही बऱ्यापैकी स्थिर राहतो.

मग १/४ सेकंद ठेवलं तर रेघा आणखी लांब आणि ठसठशीत होतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. होतं उलटं. थेंब सेन्सरच्या एखाद्या बिंदूवरून सरकताना तिथे जेवढा क्षण असतो, तो शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी वाढत नाही. मागची भिंत मात्र शटर उघडं असेपर्यंत उजळत राहते. त्यामुळे शटर जितकं लांबेल तितका पाऊस मागच्या भिंतीत बुडत जातो, आणि दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये मुसळधार पाऊससुद्धा नुसतं धुरकट वातावरण होऊन उरतो. पाऊस दाखवायचा असेल तर उजेड शटरकडून मागू नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि अपर्चर (लेन्सचं भोक) यांच्याकडून मागा.

बऱ्यापैकी दिवे असलेल्या रस्त्यावर आयएसओ ३२००, एफ ३.५ आणि १/८० सेकंद एवढ्यात एक्स्पोजर जवळजवळ जमतं. म्हणजे तुमच्या आत्ताच्या लेन्सवर, १८च्या रुंद टोकाला, हे सगळं होऊ शकतं. जास्त आयएसओमुळे येणारे कण दिसतील. दिसू द्या; पावसाच्या फोटोत ते जितके खुपतात असं आपल्याला वाटतं तितके खुपत नाहीत. हललेला चेहरा मात्र खुपतो.

मळकट रस्त्याचं कारणही तुम्ही कुठे उभे आहात याच्याशीच जोडलेलं आहे. कोरडं डांबर खडबडीत असतं, उजेड चहूकडे उधळतं. पाण्याचा थर बसला की खाचा भरतात, पृष्ठभाग आरशाकडे झुकतो आणि शिवाय डांबर अधिक काळं दिसायला लागतं, कारण आत शिरलेला बराच उजेड थरातच अडकून शोषला जातो. काळं डांबर आणि त्यावर दिव्यांची लांबलचक प्रतिबिंबं, हे सारं पावसाने आयतं दिलेलं असतं. पण पाणी किती उजेड परतवणार हे तुम्ही किती तिरकं बघता त्यावर ठरतं. सरळ खाली बघाल तर ते जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं. उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून दोन मीटरवरचा रस्ता बघाल तर तीन-चार टक्के. कॅमेरा जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आणून त्याच जागेकडे बघाल तर तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसते गुडघ्यावर बसलात तरी पायाजवळचं प्रतिबिंब सात-आठ पट उजळतं. कोणतीही लेन्स बदलून हे मिळणार नाही. मी पिशवीत जाड प्लॅस्टिकची घडी ठेवतो, गुडघ्याखाली घालायला. पाठीवर किंवा गुडघ्यांवर ताण नको असेल तर फिरणारा स्क्रीन वापरा आणि कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला धरून खाली सोडा.

इथे एक सूचना. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावलेला असेल तर काढा. पाण्यावरची चकाकी तो सर्वात जास्त मारतो ती जमिनीशी साधारण ३७ अंशांच्या कोनात, आणि उभ्याने जवळच्या रस्त्याकडे बघताना नेमका तोच कोन पडतो. वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो तो वेगळाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट).

प्रतिबिंबावर फोकस करताना बहुतेक जण फसतात. डबक्याच्या काठावर फोकस केला की काठ, खडी, पान असं सगळं धारदार येतं आणि प्रतिबिंबातली इमारत धूसर. प्रतिबिंब पाण्यावर चिकटलेलं नसतं. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून इमारतीपर्यंत एवढं सगळं अंतर धरूनच त्याचा फोकस लागतो, म्हणून थेट इमारतीवर फोकस करा आणि मग कॅमेरा खाली वळवा. ऑटोफोकस पावसात समोरून जाणाऱ्या थेंबांमागे धावतो, अंधारात भरकटतो. मी एखाद्या पाटीच्या कडेवर किंवा खांबाच्या उजळ कडेवर फोकस धरतो आणि मॅन्युअलवर टाकून देतो. मग त्या अंतरावर कुणी येईपर्यंत थांबायचं.

थांबण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे जे थोडे फोटो मला अजूनही बघवतात ते जवळपास सगळे एका जागी उभं राहून मिळालेले आहेत. एका रात्री एका चौकाच्या कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या वळचणीला मी दीड तास होतो. समोर तिरकस एक लाल पाटी, तिच्या खाली उतारावरून वाहत येणारं पाणी, पलीकडे पूर्ण अंधारी भिंत. पहिला अर्धा तास नुसत्या गाड्या. एखादी गाडी आली की तिच्या दिव्यांच्या झोतात सरी पेटायच्या, वाहत्या पाण्यावर पांढरी लाट यायची आणि लाल पाटी क्षणभर फिकी पडायची. गाडी गेली की दोन-तीन सेकंद डोळ्यांना काहीच नीट दिसायचं नाही आणि मग पाण्यावरचा लाल रंग हळूहळू परत वर यायचा. हे वीसेक वेळा बघितल्यावर लक्षात आलं की फोटो आहे तो गाडी वळत असताना, तिचे दिवे भिंतीवरून सरकत कोपऱ्याबाहेर जातात त्या क्षणी. तेव्हा सरीही दिसतात आणि लाल रंगही टिकून असतो. ३५ मिलिमीटर, एफ २, १/१००, आयएसओ २५०० असं बांधून ठेवलं. मग एका छत्रीखाली एक बाई आणि एक मूल आलं. बाईने छत्री मुलाच्या बाजूला इतकी झुकवलेली की तिचा स्वतःचा खांदा पूर्ण भिजला होता. मुलाने हात बाहेर काढून छत्रीच्या काडीवरून गळणारी धार तळव्यावर घेतली. त्याच वेळी गाडी वळली. धारेतले थेंब तळव्यावरून उडाले ते पांढरे आले, तळव्याची कड उजळली, बाकी हात लालसर काळोखात. फिरत असतो तर ही तीन फ्रेमची संधी मला दिसलीही नसती.

त्या रात्री मी एक्स्पोजर जवळजवळ एक स्टॉप कमी ठेवलं होतं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर एवढा काळोख बघून घाबरतं आणि सगळंच उजळवायला जातं. मळकट रस्ता आणि पांढरे डाग तिथूनही येतात. उजेडाचा तपशील वाचवा, काळं काळं राहू द्या. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटपाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, कारण लाल किंवा निळ्या पाटीत एकच रंग भरून सांडतो आणि एकत्रित आलेखात ते कळतही नाही. सांडलेला लाल नंतर परत आणता येत नाही.

एलईडी पाट्या आणि दिवे लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण जलद शटरला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला, फोटोत आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०, आणि शटर मेकॅनिकल. सगळ्याच एलईडी पाट्या या हिशोबात बसत नाहीत, तेव्हा दोन-चार फ्रेम काढून स्क्रीनवर मोठ्या करून बघा.

रंगांचं म्हणाल तर जुने पिवळे सोडियमचे दिवे आणि नवे पांढरे एलईडी एकाच रस्त्यावर असले की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं यासाठीची रंगाची जुळणी, एकाला बरोबर तर दुसऱ्याला चूक होतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा उजेड तर जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरचा, एकाच रंगाचा; त्याखाली लाल छत्री लाल दिसूच शकत नाही, नंतर कितीही घासा. अशा ठिकाणी मी रंग दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. व्हाइट बॅलन्स ३४०० ते ३८०० केल्विनच्या दरम्यान ठेवतो, पिवळ्याला पिवळं राहू देतो आणि सावल्यांत थोडा निळा येऊ देतो. तो निळा खरा हवा असेल तर पूर्ण काळोखाची वाट बघू नका. सूर्य क्षितिजाच्या ४ ते ८ अंश खाली असताना आकाशात उरलेला उजेड आणि रस्त्यावरचे दिवे यांचं पारडं सारखं होतं. दाट ढग असले की ही वेळ आधीच येते, म्हणून पावसाळी संध्याकाळी सूर्यास्तालाच जागेवर हजर असावं.

पाऊस थांबल्यावर लगेच घरी पळू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं डबक्यांवरची तरंगवलयं विरतात, पागोळ्या गळत असतात, आडोशाला थांबलेली माणसं एकदम रस्त्यावर येतात. वर्दळीच्या रस्त्यावर चाकांच्या वाटा आधी कोरड्या पडतात. गल्ल्या उशिरापर्यंत ओल्या राहतात. ट्रायपॉड लावून एफ ११ ला दहा-पंधरा सेकंद, गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा, दिव्यांना चांदणीसारखे किरण, असलं काम तेव्हाच करावं. अपर्चरची पाती सम असतील तर तेवढेच किरण येतात, विषम असतील तर दुप्पट. मला स्वतःला हा प्रकार लवकर कंटाळवाणा वाटतो, पण एकदा करून बघायला हरकत नाही.

काचेतून काढलेल्या फोटोंना मात्र मी वर्षानुवर्षं कंटाळलेलो नाही. छायाचित्रकार सॉल लायटर यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ओल्या, धुरकट काचांमागचं शहर रंगीत फिल्मवर टिपलं; काच म्हणजे अडथळा नव्हे हे मला त्यांचे फोटो बघून कळलं. बसच्या किंवा गाडीच्या खिडकीशी बसा, कॅमेरा काचेपासून हातभर लांब ठेवा आणि अपर्चर उघडून थेंबांवर फोकस करा. मागचे दिवे रंगीत गोळे होतात. अगदी जवळ गेलात तर प्रत्येक थेंबात मागचा रस्ता उलटा दिसेल, कारण थेंब इवल्याशा भिंगासारखं काम करतो. मग फोकस काचेपलीकडे टाका. तीच खिडकी वेगळाच फोटो देते. आतला दिवा बंद करा किंवा गडद कापडाने कॅमेऱ्याभोवतीची जागा झाका, नाहीतर तुमचाच चेहरा काचेत येईल.

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश पावसात वापरू नका. लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन येतात. फ्लॅश काढून विषयाच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवता आला तर तो थेंब सुंदर गोठवतो. तत्त्व तेच, उजेड समोरून.

फोन असेल तर रात्रीचा मोड बंद करून बघा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो आणि त्यात पाऊस पुसला जातो. ओल्या स्क्रीनला बोटांचा स्पर्श कळत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा. लेन्स दर दोन मिनिटांनी पुसा.

आता कॅमेरा वाचवण्याबद्दल. पावसाच्या थेंबांनी जेवढे कॅमेरे जात नसतील तेवढे दमटपणाने जातात. एकदा मी एसीत थंड झालेला कॅमेरा दमट रात्री थेट बाहेर काढला. लेन्सवर आतूनबाहेरून बाष्प धरलं, मी बाहेरचं पुसत राहिलो, फोटो काढत राहिलो आणि परतल्यावर लेन्स तशीच बंद बॅगेत ठेवली. काही आठवड्यांनी आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. थंड काचेला दमट हवा लागली की पाणी धरणारच. म्हणून थंड जागेतून निघताना कॅमेरा घट्ट बंद पिशवीत ठेवा, बाहेरच्या तापमानाला आला की मगच पिशवी उघडा; अर्धा तास लागतो. घरी आल्यावर बाहेरून कोरडा पुसून बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स आणि कॅमेरा हवेशीर जागी रात्रभर ठेवा, मग सिलिका जेलबरोबर डब्यात. साठवणीत आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. चार्जिंगचं तोंड ओलं असताना वायर लावू नका.

पावसात लेन्स बदलायची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. झूम लेन्स पुढेमागे केल्यावर आत हवा ओढते आणि नळीवरचं पाणीही त्या हवेबरोबर आत जातं. तुमची १८-५५ एका जागी ठेवून काम करा. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी कडा, लावा. प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबर, एवढं आवरण पुरतं. पुसायची फडकी तीन : एक कॅमेऱ्याला, एक फक्त काचेला, एक बंद पुडीत आतल्या खिशात कोरडं. काचेवरचा थेंब उघड्या अपर्चरला धूसर पडदा होतो, बंद अपर्चरला स्पष्ट डाग. दोन्हीकडे लक्ष ठेवा.

आणि हे मनापासून सांगतो. वीज चमकत असेल तर मोकळ्यावर उभे राहू नका, ट्रायपॉड तर नाहीच. साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका, खाली उघडं गटार किंवा तुटलेली तार असू शकते. खाली बसून काम करताना चालकाला तुम्ही दिसत नाही; रस्त्याच्या कडेलाच राहा आणि पाठीवर चकाकणारी पट्टी लावा. आडोशाला झोपलेल्या, भिजलेल्या माणसाचा लांबून चोरून फोटो काढू नका. पावसात त्याला तिथून हलायलाही जागा नसते.

संपादनात सावल्या उघडू नका. धुरकटपणा काढणारं साधन पावसाच्या फोटोत हवेचा सगळा ओलावा शोषून घेतं, तेव्हा ते अगदी थोडं वापरा.

लेन्सचं उत्तर असं : पुढच्या पावसात आहे त्याच १८-५५वर, १८ला, एका कोपऱ्यावर एक तास काढा. दिवा समोर आड, मागे काळोख, कॅमेरा गुडघ्याखाली. त्या तासात १८चा कोन फार रुंद वाटला आणि तुम्ही सतत ३५कडे जात राहिलात, तर तिथे तुमची लेन्स एफ ४.५च्या आसपास अडते आणि तेव्हाच नव्या लेन्सचा खरा उपयोग आहे. ३५ मिलिमीटर, एफ १.८. एफ १.४पेक्षा ती पाऊण स्टॉपनेच मागे आहे, आणि सहसा लहान व हलकी असल्यामुळे एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने सांभाळता येते.